बुद्धिबळाचे थेट प्रक्षेपण आणि त्याचा खर्च



वसंतातल्या व्याख्यानमालेत संत, स्वराज्य आणि समाज या तीन विषयांचा मान पहिला असतो, आणि तो तसाच असावा. नरसी नामदेव ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यात तर याबद्दल वादच संभवत नाही. तरीसुद्धा आजची संध्याकाळ आम्ही एका खेळासाठी मागून घेतली आहे. खेळासाठी म्हणण्यापेक्षा तो खेळ लोकांना दाखवण्याच्या खटाटोपासाठी, आणि त्या खटाटोपाला पैसा कोणी द्यावा या प्रश्नासाठी. बुद्धिबळ कसे खेळावे हे आम्ही सांगणार नाही. ते सांगणारी दहा-बारा वर्षांची मुले या सभागृहातच बसली असतील, आणि आम्ही चुकलो तर ती हसतील.

आता ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एखादा मोठा सामना चालू असतो. खेळाडू ज्या पटावर खेळतात तो पट विजेच्या साहाय्याने प्रत्येक मोहऱ्याची जागा ओळखतो, आणि चाल होताच ती दूरवर पाठवतो. ती आपल्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उमटते. एका कोपऱ्यात खेळाडूंचे चेहरे, दुसऱ्या कोपऱ्यात घड्याळ, बाजूला एक काळी-पांढरी पट्टी. ही पट्टी म्हणजे संगणकाने दिलेला निवाडा: पांढऱ्याचे बरे चालले आहे की काळ्याचे. आणि या सर्वांच्या जोडीला एक किंवा दोन माणसे सतत बोलत असतात. याला थेट प्रक्षेपण म्हणतात. चार-चार, पाच-पाच तास ते चालते, आणि आश्चर्य असे की लोक ते बघतात. 28 जुलै 2025 रोजी जॉर्जिया देशातल्या बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हंपी यांना हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या दिवशी महाराष्ट्रात किती घरांतून भाजी करपली असेल याची गणती कोणी ठेवलेली नाही. परंतु ज्यांना हत्ती सरळ जातो एवढेच ठाऊक होते अशी माणसेही पडद्याला खिळून होती, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल.

दिव्या त्या वेळी एकोणीस वर्षांची होती. त्या एका विजयाने ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. राज्य सरकारने तिला तीन कोटी रुपये देऊन सत्कार केला, आणि तो सर्वथा योग्यच होता. आमचा विचार तिथे अडखळतो तो एवढ्यासाठी की, हा पैसा शिखरावर मिळतो. पायथ्याशी, म्हणजे जिल्हा निवड स्पर्धेत, एखाद्या शाळेच्या वर्गात बाके सरकवून जेव्हा डाव मांडले जातात, तेव्हा सेनगावच्या किंवा कळमनुरीच्या मुलाने काय खेळ केला हे कोणालाच दिसत नाही. बाहेर व्हरांड्यात आईबाप बसलेले असतात. मूल बाहेर येते, त्याच्या तोंडाकडे पाहून निकाल कळतो, आणि डाव नाहीसा होतो. कागदावर चाली लिहिलेल्या असल्याच, तर तो कागद दप्तरात, मग रद्दीत. पुढे कधी त्या मुलाला परगावी पाठवायचे असले, त्यासाठी कोणापुढे हात पसरायचा असला, तर दाखवायला प्रमाणपत्र असते, खेळ नसतो. पाहणाऱ्याला प्रमाणपत्रावरून काय कळणार? सहभागाचे प्रमाणपत्र तर सर्वांनाच मिळते.

या संदर्भात एक जुनी गोष्ट आठवते. 1974 साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा प्रथम भरली. ती वासंती खाडिलकरांनी जिंकली. त्यानंतर त्या आणि त्यांच्या भगिनी जयश्री व रोहिणी यांनी मिळून हे अजिंक्यपद दहा वर्षे घरातून बाहेर जाऊ दिले नाही. रोहिणीताई 1981 साली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाल्या. हे यश त्यांच्या बुद्धीचे आणि मेहनतीचे, यात संशय नाही. पण त्यांचे वडील नीळकंठराव खाडिलकर हे 'नवाकाळ'चे संपादक होते, म्हणजे घरात वर्तमानपत्र होते, आणि वर्तमानपत्राच्या घरातल्या मुलींचा खेळ लोकांच्या नजरेआड राहत नाही. ज्या मुलीच्या घरात वर्तमानपत्र नाही, तिचे काय? थेट प्रक्षेपण ही आम्हांला त्या मुलीची सोय वाटते. करमणुकीचा भाग त्यात आहेच, पण तो दुसरा.

आता खर्चाकडे वळू. खर्चाचे नाव काढले की लोक प्रथम यंत्रांचा विचार करतात: कॅमेरे हवेत, दिवे हवेत, तो विजेचा पट हवा. आम्ही म्हणतो, जरा थांबा. सर्व खेळांत बुद्धिबळ हा दूर पाठवायला सर्वांत स्वस्त खेळ आहे. कुस्ती दाखवायची तर मल्लाचा घाम दिसला पाहिजे, क्रिकेटला चेंडू दिसला पाहिजे. बुद्धिबळाचा चाळीस चालींचा संपूर्ण डाव मात्र एका पोस्टकार्डावर मावतो. इंग्लंड-स्कॉटलंडात 1824 साली लंडन आणि एडिंबरो या दोन शहरांनी टपालाने डाव खेळले, ते 1828 पर्यंत चालले. पुण्याच्या माणसाला हे धैर्य कळेल. 1945 च्या सप्टेंबरात, महायुद्ध संपते न संपते तोच, रशिया आणि अमेरिका यांच्यामध्ये बिनतारी यंत्रावरून सामना झाला. दहा पट, प्रत्येकी दोन डाव, एक संघ मॉस्कोत, दुसरा न्यू यॉर्कमध्ये. रशियाने तो साडेपंधरा विरुद्ध साडेचार असा जिंकला. सर्व सामना सांकेतिक अक्षरांवर चालला, आणि बुद्धिबळाच्या जगात तो आजही वाखाणला जातो.

याहून बोधप्रद प्रसंग 1972 चा. आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांची जगज्जेतेपदाची लढत होती. फिशर आधी येईनाच. तेव्हा लंडनच्या जिम स्लेटर नावाच्या धनिकाने स्वतःचे पन्नास हजार पौंड घालून बक्षिसाची रक्कम दुप्पट केली, मग स्वारी विमानात बसली. चित्रणाचे हक्क चेस्टर फॉक्स या अमेरिकन गृहस्थाला दिलेले होते, आणि त्या उत्पन्नावर यजमानांची मदार होती. पण फिशरला कॅमेऱ्यांचा त्रास होऊ लागला. दुसऱ्या डावाला तो आलाच नाही; तो डाव त्याने गमावला. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर मागच्या खोलीत खेळवावा लागला. चित्रणाचा बेत फसला तो फसलाच. अशा वेळी अमेरिकेत काय झाले? शेल्बी लायमन नावाचा एक शिक्षक सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत भिंतीवरच्या पटासमोर उभा राहिला. चाल तारेने यायची, तो मोहरा सरकवायचा आणि पुढची चाल येईपर्यंत बोलायचा. खेळाडू दिसत नव्हते. डाव तासन्‌तास चालायचा. तरीही लाखो लोक बघत बसले, आणि कार्यक्रम बंद करावा असे कोणी सुचवले असते तर दंगा झाला असता.

म्हणजे चित्र नसले तरी चालते. बोलणारा नसला तर मात्र चालत नाही. आमच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. ज्या मंडळाजवळ पैसे थोडे आहेत त्याने ते यंत्रावर न घालवता समजावून सांगणाऱ्यावर घालवावेत. विजेचा पट नसेल तर पटाशेजारी एक चुणचुणीत मुलगा बसवावा, त्याने प्रत्येक चाल भ्रमणध्वनीवर टिपावी. एवढ्याने डाव जगभर जातो. पण समालोचकाला आपण काय देतो? शाल, श्रीफळ आणि चहा. पाच तास अखंड बोलायचे, डाव कळला पाहिजे, नवख्याला कळेल असे सांगता आले पाहिजे, संगणकाची पट्टी एकीकडे झुकली म्हणून भुलता कामा नये, आणि मोबदला श्रीफळ! अशाने समालोचक मिळत नाहीत, आणि मिळाले तर दुसऱ्या वर्षी येत नाहीत.

आणि हा समालोचक मराठी बोलणारा पाहिजे. इंग्रजीत आणि हिंदीत उत्तम समालोचन उपलब्ध आहे, ते आम्ही आवडीने ऐकतो. तथापि आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठीत आणले, त्याने काय झाले ते आठवा. चौकार, षटकार, यष्टीरक्षक, पायचीत हे शब्द शेताच्या बांधावर पोचले. रेडिओ कानाला लावून औत हाकणारा माणूस पायचीत म्हणजे काय हे सांगू लागला. बुद्धिबळाच्या बाबतीत तर आपल्याला शब्द शोधायलाही जायला नको. प्यादे, वजीर, उंट, अडीच घरांचा घोडा, किल्लेकोट, शह, काटशह, मात ही सर्व मालमत्ता आपल्या घरची आहे. सध्या ती राजकीय वार्ताहरांकडे गहाण पडलेली आहे. निवडणूक आली की रोज सकाळी शह-काटशह वाचावे लागतात. ती सोडवून आणायला हरकत नाही.

आता मूळ प्रश्न: पैसा कोठून? आम्हांला याचे तीन-चार मार्ग दिसतात आणि सगळे सारखे चांगले नाहीत.

पहिला एकाच धनिकाचा. स्लेटरसारखा कोणी भेटला तर दुधात साखर. पण धनिकाचा लोभ त्या वर्षापुरता असतो. निवडणुकीच्या वर्षी तर आश्रयदात्यांना इतका पूर येतो की फलकावर पटापेक्षा छायाचित्र मोठे होते. पुढल्या वर्षी फलकही नाही आणि पटही नाही. दुसरा मार्ग कंपन्यांचा. मोठ्या स्पर्धांना तो योग्यच आहे. कोलकात्याला 2018 पासून टाटा स्टीलच्या नावाने स्पर्धा भरते, टेक महिंद्राने फिडेच्या जोडीने 2023 साली जागतिक लीग सुरू केली. परंतु कंपनी पाहते प्रेक्षकसंख्या, आणि हिंगोलीच्या चौदा वर्षांखालील मुलांच्या चौथ्या फेरीला प्रेक्षक किती? आईबाप, मामा आणि गुरुजी. त्यांच्यावर कोणती कंपनी साबण विकणार?

तिसऱ्या मार्गाबद्दल आम्ही स्पष्टच बोलतो. मध्यंतरी पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन धंद्यांनी खेळांना मोठ्या प्रमाणावर आश्रय दिला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने असल्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्याच महिन्यात ड्रीम इलेव्हनने भारतीय क्रिकेट संघाचा आश्रय सोडला. कायदा बरा की वाईट याचा खल वकील करोत. आम्हांला त्यातून इतकेच दिसते की, ज्या पैशावर उद्या बंदी येऊ शकते त्याच्या भरवशावर मुलांचा मंडप घालू नये. शिवाय, ज्या खेळात फासा नाही, पत्ता नाही, नशिबाला जागा नाही, तो खेळ मुलाला दाखवताना बाजूला जुगाराची पाटी लावणे आम्हांला कधीच रुचले नसते.

उरला चौथा मार्ग, पाहणाऱ्यांनी थोडे थोडे देण्याचा. तो नवा आहे असे म्हणतात. 2020 च्या टाळेबंदीत समय रैना या विनोदी कलाकाराने घरात बसून बुद्धिबळ खेळायला आणि दाखवायला सुरुवात केली. नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी, मुंबईहून चेसबेस इंडिया चालवणारे सागर शहा ही मंडळी त्यात आली. खेळ पाहता पाहता लोक दहा, पन्नास, शंभर रुपये पाठवत, आणि त्यातला पैसा सत्कार्यालाही गेला. सागर शहा हे सनदी लेखापाल आणि आंतरराष्ट्रीय मास्टर. त्यांनी आणि अमृता मोकाशी... क्षमा करा, अमृता मोकळ यांनी मिळून चेसबेस इंडिया उभे केले. मोठ्या स्पर्धेच्या जागी जायचे, कॅमेरा हातात घ्यायचा आणि हरलेल्या खेळाडूशीही अदबीने बोलायचे, हा त्यांचा शिरस्ता आम्हांला फार आवडतो.

परंतु नवे म्हणतात ते खरोखर नवे आहे काय? हिंगोलीत उभे राहून आम्ही हा प्रश्न विचारतो. इथला दसरा दीडशेहून अधिक वर्षे चालला आहे, आणि रामलीला मैदानावर जमणाऱ्या माणसाला तिकीट नाही. आसपासच्या जत्रांत कुस्त्यांचे फड लागतात, इनाम कोठून येते? कोणी शंभर बोलतो, कोणी पाचशे, हलगी वाजते, नाव पुकारले जाते. ज्या आसनांवर आपण बसलो आहोत ती व्याख्यानमालासुद्धा वर्गणीवरच चालते. पाहणाऱ्याने थोडे द्यावे, न देणाऱ्यालाही पाहू द्यावे, ही आपली जुनी रीत आहे. भ्रमणध्वनीने फक्त हलगीची जागा घेतली.

एक फरक मात्र आहे आणि तो पैशाचाच आहे. यूट्यूबवर प्रक्षेपण चालू असताना लोक जे पैसे संदेशासोबत पाठवतात, त्यांतला शेकडा तीसच्या आसपास वाटा कंपनी ठेवून घेते. शंभरातले तीस! आडतीत हळद घालणारा शेतकरी एवढी कपात ऐकून गाडी परत फिरवील. म्हणून मंडळाने आपल्या बँकेच्या खात्याचा क्यूआर कोड पडद्याच्या कोपऱ्यात ठेवावा, आणि वर्गणी सरळ खात्यात घ्यावी. पावती द्यावी. आणि जमाखर्च स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी फळ्यावर खडूने लिहावा: इतके आले, इतके समालोचकाला, इतके विजेला, इतके उरले. लिचेस नावाचे संकेतस्थळ आहे. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच गृहस्थाने 2010 साली ते सुरू केले. त्यावर जाहिरात नाही, खेळायला पैसे नाहीत, जगातल्या मोठ्या स्पर्धांतल्या चाली ते फुकट दाखवते, आणि आपल्यासारख्या लहान मंडळालाही आपले डाव त्यावर दाखवता येतात. ते सर्वस्वी देणग्यांवर चालते, आणि आपला खर्च जाहीर करते. लोक देतात त्याचे कारण आम्हांला त्या जाहीर हिशेबातच दिसते.

इथे कोणी कायदेपंडित विचारील की, चाली दाखवायचा हक्क कोणाचा? प्रश्न रास्त आहे. 2016 च्या नोव्हेंबरात न्यू यॉर्कला कार्लसन आणि कर्याकिन यांचा सामना होता. आयोजकांचे म्हणणे, चाली आमच्या, इतरांनी त्या चालू सामन्यात दाखवू नयेत. न्यायालयाने मनाईहुकूम नाकारला. झालेली चाल ही घडलेली वस्तुस्थिती आहे, ती कोणाच्या मालकीची होत नाही. आपल्याकडे 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात आकाशलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचे सांगितले होते. चित्राची आणि समालोचनाची मालकी असते, ती मानलीच पाहिजे. दुसऱ्याचे चित्र उचलून आपल्या पडद्यावर लावणे ही चोरीच आहे. पण मुलाने खेळलेली चाल सर्वांची. म्हणून आमचा आग्रह असा की, मंडळाने डावांची नोंद कुलूपबंद न ठेवता खुली ठेवावी. दहा वर्षांनी कोणी शिक्षक ती उघडील, आणि आपल्याच शाळेतल्या मुलीने उंट बळी देऊन जिंकलेला डाव वर्गात मांडील.

आता व्यवस्थेच्या काही गोष्टी, कारण पैसा असूनही फजिती होते ती यांच्यामुळे. प्रक्षेपण पंधरा मिनिटे उशिराने सोडावे. मोठ्या स्पर्धांतही असा उशीर ठेवतात. नाही तर व्हरांड्यातला एखादा मामा संगणकाला विचारून खिडकीतून भाच्याला खूण करतो. आज साध्या भ्रमणध्वनीतला संगणकही जगज्जेत्याला हरवतो, तेव्हा मामाला कमी लेखू नये. समालोचक दुसऱ्या खोलीत बसवावा, आणि ती खोली खरोखर दूर असावी. जोशात आलेला मराठी आवाज एका भिंतीला जुमानत नाही. संगणकाची ती काळी-पांढरी पट्टी लहान मुलांच्या डावात दाखवूच नये, असे आमचे मत आहे. ती पाहून ज्याला प्यादे कसे मारते हे ठाऊक नाही तोही मुलाला मूर्ख ठरवतो.

मुलांच्या चेहऱ्याबद्दल तर अधिकच जपले पाहिजे. आईबापांची लेखी संमती असल्याशिवाय कॅमेरा मुलाकडे वळवू नये; पट दाखवला तरी पुरे. आणि पडद्याशेजारी जी गप्पांची खिडकी असते, तिथे कोणीही काहीही लिहितो. दहा वर्षांची मुलगी हरते, घरी जाते, प्रक्षेपण उघडते, आणि अनोळखी माणसांनी तिच्याबद्दल काय लिहिले ते वाचते. ही खिडकी राखायला एक माणूस बसवता येत नसेल, तर ती बंद ठेवावी. वर्गणी थोडी कमी येईल. येऊ द्या.

विजेची गोष्ट सांगायची राहिली. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. 2023 साली केंद्र सरकारने तिला 2600 कोटी रुपये मंजूर केले. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे आदळली त्याचा कंप तिथे टिपला जाईल. हे आम्हांला अभिमानाचे आहे. तथापि ज्या जिल्ह्यात विश्वाचा कंप ऐकू येणार आहे, तिथे मे महिन्यात दुपारी तीन वाजता वीज राहील याची हमी देण्याचे धाडस आमच्यात नाही. तेव्हा एक इन्व्हर्टर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे, आणि चाली लिहायला कागद-पेन्सिल ही तीन साधने आधी घ्यावीत, कॅमेरा नंतर.

पहिल्या वर्षी दोनच पट दाखवावेत: एक पहिल्या क्रमांकाचा आणि एक चिठ्ठी टाकून निवडलेला, म्हणजे शेवटच्या बाकावरच्या मुलालाही आपला डाव आज दिसेल अशी आशा राहील. समालोचकाचे मानधन आधी ठरवून आधी द्यावे. आमच्याकडून पहिल्या वर्षाची वर्गणी आम्ही चालकांकडे देत आहोत. रक्कम मोठी नाही, आणि तिची पावती आम्ही मागून घेणार आहोत.